कोपऱ्यातल्या खड्ड्याची माती

५ जाने.
भनपुरी. बंद पडलेल्या रंग-कारखान्याची जागा. घरं बांधायच्या आधी माती तपासायची. नऊ खड्डे. पहिला रस्त्याकडच्या कोपऱ्यात. तिथली माती निर्धोक निघाली तर अंगणवाडी, नाही तर कुंपण. अंगणवाडीच्या दुलेश्वरी दीदी सध्या पत्र्याच्या खोलीत पोरं घेऊन बसतात. फाटकातून नीट बघायला सांगितलं त्यांनी, "बने देखहू गा भैया." कोवळं ऊन, मातीचा वास. मन प्रसन्न.

१३ जाने.
रिपोर्ट. आठ खड्डे ठीक. पहिल्यात शिसं भरपूर. आमच्या रश्मी मॅडम म्हणाल्या, "घेरा डलवाना पड़ेगा." दीदींना सांगायला जीभ रेटेना.

१४ जाने., संक्रांत
सकाळी मारुतीला शेंदूर लावताना हात थांबला. त्या दिवशी पहिल्या खड्ड्याआधी याच डबीतला शेंदूर मी माती काढायच्या गिरमिटाच्या पात्याला लावला होता. गावी विहीर खणताना पहारीला लावतात, तसा. आणि शेंदरात शिसं असतं, हे नव्या लोकांना मीच शिकवतो!
ही लाडू वळत होती. "देवाचं लेणं लोखंडाले काहून लावलं? जा, सांगा मॅडमले."
पण रंगाच्या कारखान्यातही शिसं असायचंच. दोन्ही शक्य...

१५ जाने.
कबूल केलं. मॅडम इतक्या हसल्या की चष्मा काढावा लागला. "आप मशीन की आरती उतारते हैं?"
"आरती नहीं मैडम, बस टीका."
"लिखकर दीजिए. दुबारा सैंपल लेंगे."
लिहून दिलं. सही करताना उलट हलकं वाटलं.

१६ जाने.
पातं घासून धुतलं. जुन्या खड्ड्यालगत तीन ठिकाणची माती घेतली. खोदणारा बिसाहू डिवचतो, "महाराज, आज बिना पूजा के?" म्हटलं, "हव, आज मन में."
दीदींना सगळं सांगितलं. पदर तोंडाला लावून हसल्या. मग जागेचं विचारलं, "त हमर जघा मिलही?"
"मालूम नहीं, दीदी. मिट्टी बताएगी."
मातीच्या बरण्या लॅबला दिल्या. परतताना पुरानी बस्तीतल्या देवळात गेलो. काय मागावं सुचेना. माती जशी आहे तशीच दिसू दे, एवढंच म्हणालो. चपला घातल्या, परत वळलो. म्हटलं, आणि ती चांगली असू दे.