अठरा दिवसांचं पाणी

२ मार्च

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्ही सगळं ठीक आहे म्हणता आणि फोन आईच्या हातात देऊन मोकळे होता, म्हणून पत्र लिहिते आहे. कागदाला तरी तुम्ही उत्तर देता.

प्रबंध द्यायची शेवटची तारीख एकतीस मार्च. पाच वर्षं घासल्यावर आता उरलेत फक्त एकोणतीस दिवस, आणि या दिवसांत मला वेड लागायचं बाकी आहे. नोंदणी कक्षातल्या कारकुनाने माझा अर्ज तीनदा परत केला. एकदा समास कमी म्हणून, एकदा शाई निळी म्हणून, आणि तिसऱ्यांदा कशासाठी ते त्यालाच सांगता येईना. विभागाचं छपाईयंत्र दर चौथं पान गिळतं. बाइंडर दिसेल तिथे मला गाठून पानं किती होणार ते विचारतो. माझी खोलीतली मैत्रीण म्हणते की मी झोपेत सेंटीमीटर बडबडते. म्हणणारच ना, जागेपणी दुसरं काय करते मी?

आता मुद्द्याचं. परवा मॅडमनी आपल्या विहिरीचा आलेख पुढ्यात घेतला. (मॅडम म्हणजे माझ्या मार्गदर्शक. तुम्ही एकदाच भेटलात आणि त्यांच्या खुर्चीचा पाय डुगडुगतो एवढंच सांगून आलात, त्या.) बाकीच्या अकरा विहिरी मी महिन्यातून एकदा मोजते. आपली तेवढी तुम्ही रोज मोजता, चार वर्षं, सकाळी सहाला, वजन लावलेली पट्टी काठावरून सोडून, आणि दर रविवारी सात आकड्यांचं कार्ड टाकता. माझा अख्खा तिसरा अध्याय त्या कार्डांवर उभा आहे. त्या आलेखात दर गुरुवारी एक खड्डा दिसतो, कारण मागच्या धुलाईवाल्याचा पंप त्या दिवशी भल्या सकाळपासून चालतो. चार वर्षांत एक गुरुवार चुकलेला नाही. पण गेल्या ऑक्टोबरात, सहा तारखेपासून तेवीसपर्यंत, पाणी रोज बरोब्बर दोन सेंटीमीटर खाली गेलंय. ना कमी, ना जास्त. तीन गुरुवार आले नि गेले, आणि खड्डा नाही.

मॅडमनी त्या सरळ रेषेवर बोट ठेवलं आणि मला विचारलं की हे काय आहे.  त्या म्हणाल्या, कारण कळलं नाही तर ती विहीरच वगळावी लागेल, कारण अठरा दिवसांची शंका आली की बाकी चार वर्षांची हमी कोण देणार? विहीर गेली की अध्याय गेला, आणि अध्याय गेला की आणखी एक वर्ष. बाबा, आणखी एक वर्ष माझ्याच्याने होणार नाही. पट्टी अडकत होती का? अंदाजे लिहिलंत का? जे असेल ते सरळ सांगा.

लोभ आहेच, उत्तर तेवढं लवकर यावं.

आपली,
भिंगरी

७ मार्च

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं आणि सकाळचा चहा कडू लागला. मी वजनकाट्यावर एकतीस वर्षं काढली. भरलेले ट्रक, रिकामे ट्रक, दगड, कापूस, लोखंड, सगळं माझ्या हाताखालून गेलं. आमच्याकडे प्रत्येक चिठ्ठीवर दोन सह्या लागत, एक मोजणाऱ्याची आणि एक तपासणाऱ्याची. एकतीस वर्षांत तपासणाऱ्याने माझी एक चिठ्ठी परत केली नाही. आणि आता पोटची पोर विचारते, बाबा, अंदाजे लिहिलंत का!

पाणी आहे ते. त्याला वाटेल तसं खाली जाईल. तुझ्या मॅडमना विचारून जायचं का त्याने? धुलाईवाला तेव्हा सुटीवर गेला असेल. त्याला काय मुलंबाळं नाहीत?

बाकी इकडे सर्व ठीक. मागच्या नळाची गळती मीच थांबवली. जिना उतरून विहिरीपर्यंत जायला हल्ली जरा वेळ लागतो, मधल्या पायरीवर टेकावं लागतं, पण सहा म्हणजे सहा. तू जेवतेस की नाही? मागच्या फोटोत तुझी गळ्याची हाडं मोजता येत होती. त्याचाही आलेख काढ.

रागावलो आहे, तरी लोभ नेहमीचाच.

तुझे,
बाबा

११ मार्च

ती. सौ. आईस,
शि. सा. न. वि. वि.

बाबांना पान पान पत्र लिहिलं, त्याचं उत्तर म्हणून मला गळका नळ, कापसाचे ट्रक आणि माझी हाडं मिळाली. तू तरी सरळ बोल.

धुलाईवाल्याच्या दुकानात मी फोन केला. त्याने सांगितलं की तो ऑक्टोबरात एक दिवसही सुटीवर नव्हता, उलट काम दुप्पट होतं. शिवाय तो मला वडिलांची तब्येत कशी आहे असं विचारत होता. मी म्हटलं उत्तम. त्यावर तो म्हणाला, चला, निभावलं म्हणायचं. काय निभावलं, आई? आणि बाबांना मधल्या पायरीवर टेकावं कधीपासून लागतं? गेल्या मे महिन्यात ते माझी ट्रंक डोक्यावर घेऊन तीन मजले चढले होते.

ऑक्टोबरात बाबा घरी होते का? एवढंच सांग. इकडे मी धड जेवत नाही, धड लिहीत नाही. सकाळी ग्रंथालयात जाऊन पुस्तकं परत केल्याचा दाखला मागितला, तर म्हणे दोन वर्षांपूर्वीचं एक पुस्तक माझ्या नावावर आहे. पुस्तक कुठलं, तर त्यांच्याच फळीवर उभं होतं. मी तिथेच जमिनीवर बसले आणि रडले. ग्रंथपाल घाबरून पाणी घेऊन आल्या.

तुझा लोभ आहे हे माहीत आहे, आता थोडं खरं बोलणंही असू दे.

तुझी,
भिंगरी

१६ मार्च

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

मी आता कुणाचं काही लपवणार नाही. कंटाळले तुम्हा दोघांना.

पाच ऑक्टोबरला संध्याकाळी ह्यांच्या छातीत दुखायला लागलं. हे म्हणाले पित्त आहे. मी म्हटलं पित्ताने माणूस असा पांढरा पडत नाही, उठा. तुझ्या मामाने गाडी आणली. दुसऱ्या दिवशी हृदयाच्या शिरेत नळी घातली, नंतर फुप्फुसात पाणी झालं, म्हणून अठरा दिवस ठेवून घेतलं. तुझं ते समितीपुढचं सादरीकरण वीस तारखेला होतं. ह्यांनी मला गळ्याची शपथ घातली की भिंगरीला कळवलंस तर बघ, ती सगळं टाकून येईल आणि वर्ष जाईल. मी पुष्कळ भांडले. आजारी माणसाशी किती भांडणार? रात्री मामा थांबायचा. मी सकाळी घरी येऊन मांजराला घालून, पाणी भरून, डबा करून परत जायची. फोनवर तुझ्याशी हसून बोलायची आणि फोन ठेवला की ओट्याला धरून उभी राहायची. आता रागाव माझ्यावर, मी ऐकून घेईन.

तुझं पत्र ह्यांना वाचून दाखवलं.  मग हा कागद लिहून दिला, मी न वाचताच सोबत घालते आहे.

काळजी नको, आता बरे आहेत. लोभ काय, तो कुठे जातोय.

तुझी,
आई

(सोबतचा कागद)

चि. भिंगरी,

त्या अठरा दिवसांचे आकडे मी केले. बिछान्यावर पडून, गोळ्यांच्या पाकिटाच्या मागे. आधीच्या आठवड्यात रोज साधारण दोन सेंटीमीटर उतरत होतं, तेच पुढे चालवलं. कार्डं तुझ्या मामाने टाकली, त्याला आत काय आहे ते ठाऊक नव्हतं. कार्ड आलं नाही तर तू फोन करशील, फोनवर माझा आवाज ऐकशील आणि निघून येशील, एवढंच डोक्यात होतं. तिथे सगळे दिवस सारखेच असतात, गुरुवार कधी आला ते मला कळलं नाही.

परवाच्या पत्रात तुझ्यावर ओरडलो, तेही खोटंच. बाकी चार वर्षांतला एकेक आकडा खरा आहे, पण तसं म्हणायला आता मला तोंड नाही.

बाबा

२० मार्च

ती. बाबा आणि आईस,
शि. सा. न. वि. वि.

दोघांनाही एकच पत्र, कारण दोघांवरही सारखीच चिडले आहे.

बाबा, तुम्ही मेला असतात तर? मी इथे समितीपुढे उभी राहून खोटा आलेख दाखवत होते आणि तुम्ही तिथे छातीत नळी घेऊन तो बनवत होतात. कमाल आहे तुमची! कार्डावर एक ओळ लिहायची होती, या आठवड्यात मोजलं नाही. अठरा रिकाम्या जागा चालल्या असत्या, मी त्यावर एक तळटीप दिली असती आणि विषय संपला असता. रिकामी जागा चालते, बाबा. भरलेली चालत नाही. आणि आई, तू ओट्याला धरून उभी राहिलीस, त्यापेक्षा मला हाक मारली असतीस तर मी काय विरघळले असते?

उद्या मॅडमना सगळं खरं सांगणार आहे. विहीर वगळली जाईल. वर्ष जाईल. शिष्यवृत्ती जानेवारीतच संपली, म्हणजे पुढच्या वर्षी शिकवण्या धरायच्या आणि मैत्रिणीच्या खोलीत पाहुणी म्हणून राहायचं. बाइंडरला आजच पानं सांगितली होती, त्याला आता तोंड कसं दाखवू?

बाबा, औषधं वेळेवर घ्या. 

लोभ आहे. तोच तर सगळा घोळ आहे.

तुमची,
भिंगरी

२३ मार्च

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र येऊन पडलं आणि मी कपाळावर हात मारून घेतला. तुम्ही बापलेक इतके शिकलेले, इतके हिशोबी, आणि दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही की घरात तिसरं माणूस आहे?

अगं, मी मोजत होते! रोज. मांजराला घातलं की पट्टी घेऊन विहिरीवर. चार वर्षं समोर बघते आहे, त्यात काय मोठं शास्त्र आहे? वजन पाण्याला लागलं की डुबुक वाजतं, तिथेच थांबायचं, पट्टी नीट ताणायची आणि काठाशी वाचायची. मला वाटलं, ह्यांचं काम अडायला नको. सगळे आकडे स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने लिहिलेत, जिथे मी सिलिंडर कधी लावला ते लिहिते. तारीख, आकडा, सगळं. नऊ ऑक्टोबर, गुरुवार, चार मीटर सत्तावीस. आदल्या दिवशी चार मीटर सोळा होतं. घे तुझा खड्डा.

ह्यांना मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की मोजलं हो. हे हं म्हणाले. लग्न झाल्यापासून हे हं म्हणताहेत, आणि तो हं ऐकल्याचा की नुसताच, हे मला अजून उमगलेलं नाही. मला वाटलं, घरी आल्यावर दारावरून उतरवून घेतले असतील. पण हे कपाट ह्यांनी जन्मात उघडलेलं नाही. काल ह्यांना हाताला धरून नेलं आणि दार उघडून दाखवलं. हे चष्मा लावून बराच वेळ वाचत उभे राहिले. मग खुर्ची मागितली.

इतकं रडण्याआधी एकदा मला विचारायचंस. लोभ पुष्कळ झाला, आता थोडी अक्कल असू द्या.

तुझी,
आई

२६ मार्च

ती. सौ. आईस,
शि. सा. न. वि. वि.

मॅडमना तुझं पत्र दाखवलं. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचलं. त्यांचं म्हणणं, नक्कल चालणार नाही, फोटोही नाही. मूळ नोंद डोळ्यांनी बघायची आहे, म्हणजे दार. शिवाय मोजणाऱ्या बाईंशी बोलायचं आहे. सोमवारी तीस तारखेला सकाळी अकरा वाजता. एकतीसला कार्यालय पाचला बंद होतं, म्हणजे हातात एकच दिवस.

बाबांना बिजागऱ्या काढून द्यायला सांग, पण दार त्यांनी उचलायचं नाही. कुणी काही म्हणो, पेन्सिलीवर ओलं फडकं फिरवू नकोस. तुझी सवय मला माहीत आहे, म्हणून आधीच हात जोडते.

तुझी आणि दाराची वाट बघणारी,
भिंगरी

३१ मार्च

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

प्रबंध दिला. पाचला दहा मिनिटं कमी असताना. कारकुनाने पोचपावती दिली आणि चक्क अभिनंदन म्हणाला.

आई रविवारी जुन्या चादरीत दार गुंडाळून उतरली. बसमध्ये कंडक्टरशी तिचा वाद झाला होता की दार हे सामान की प्रवासी, आणि तो तिने जिंकला. सोमवारी मॅडमच्या टेबलावर दार आडवं ठेवलं. मॅडमनी भिंग घेऊन एकेक ओळ वाचली. मधेच मीठ संपलं, मधेच शिवणयंत्राला तेल. त्यांनी आईला पट्टी कशी धरली ते विचारलं, तर आईने माझी ओढणी घेऊन टेबलाच्या काठावरून सोडून दाखवलं. गुरुवारी पाणी का उतरतं असं विचारल्यावर आई म्हणाली की हे अख्ख्या गल्लीला माहीत आहे. मग त्यांनी विचारलं की हे तुम्ही इतके महिने कुणाला सांगितलं का नाही. आई म्हणाली, मला कुणी विचारलंच नाही. मॅडम उठून स्वतः चहा सांगून आल्या. मला मात्र मान वर करता येईना. बाबा, पाच वर्षं त्या विहिरीबद्दल लिहिते आहे मी, आणि आईला एकदाही काही विचारलं नव्हतं.

विहीर राहिली, अध्याय राहिला. पण एक सांगायलाच हवं. तुमचे अठरा आकडे खोटे होते आणि ते का काढून टाकले, हे परिशिष्टात स्पष्ट लिहिलंय. त्याशिवाय मॅडम सही करणार नव्हत्या, आणि मीही केली नसती. लिहिताना वाईट वाटलं. तुम्हाला वाचताना वाटेल.

आई रविवारपर्यंत इथेच आहे. खोली आवरते आहे आणि सगळ्या मुलींना ओरडते आहे. आज सकाळी सहाला उठून बसली आणि तिकडे कोण मोजत असेल म्हणून मलाच विचारत होती.

रागावला असाल तर रागवा, पण गोळ्या घेऊन.

आपली,
भिंगरी

गुरुवार, २ एप्रिल

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

सकाळी सहा. पाच मीटर एकसष्ट. काल पाच मीटर बावन्न होतं, म्हणजे नऊने खाली. पंप पावणेपाचला सुरू झाला, मी स्वतः ऐकला. पट्टी दोनदा सोडली, आकडा तोच.

परिशिष्टात जे लिहिलंस ते बरोबर लिहिलंस. गोळ्या घेतो आहे. कपाटाला दार नसल्याने मीठ कुठे असतं ते आता मला दिसतं.

हे कार्ड तुझ्या आईला दे.

मोजणारा: बाबा
तपासणारी:

ती जागा तिची. सही करून कार्ड परत पाठवायला सांग, त्याशिवाय आकडा वहीत चढवणार नाही.