बाराही बेड ठीक

३ नोव्हेंबर
पोचले एकदाची! नेरहून दारव्ह्यापर्यंत एसटी, पुढे शेअर जीप, आणि जीपमध्ये माझ्या मांडीवर कुणाचं तरी कोंबडं. दवाखाना छोटासाच आहे, एका ट्रस्टचा, बारा बेडचा, चारी बाजूंनी कपाशी. मागे मला स्वतःची खोली आहे. नर्सिंगच्या हॉस्टेलमध्ये तीन वर्षं एका खोलीत आठजणी काढल्यावर हा म्हणजे राजवाडाच. युनिफॉर्म दोनदा इस्त्री केला.
मोठ्या सिस्टर विमलताई इथे एकोणीस वर्षं आहेत. त्यांनी चहा पाजला आणि म्हणाल्या, पोरी, काम लय हाये, पण पेशंट गरीब हायेत, तरास देत नाईत. मी खूश. कॉलेजात पहिल्या दिवशी शिकवलेलं इथे लिहून ठेवते: जे केलं तेच लिहायचं, आणि केल्यावरच लिहायचं.

५ नोव्हेंबर
दुसरी सिस्टर दिवाळीआधीच सोडून गेली, तिच्या जागी अजून कुणी नाही. म्हणजे विमलताईंकडे बाहेरची रांग आणि बाळंतपणं, वॉर्ड सगळा माझा. दिवसातून तीनदा प्रत्येकाची नाडी, श्वास, ताप. प्रामाणिकपणे केलं तर एका बेडला पाच मिनिटं, म्हणजे एका फेरीला तास. मधे सलाईन, ड्रेसिंग आणि नातेवाइकांचे प्रश्न.
चार नंबरला रामीबाई आहे. जवळच्या तांड्यावरची, सत्तरीची, छातीत कफ. नाडी एकशेचार आणि मधेच ठोका चुकवणारी. मोजताना मलाच घाम फुटतो. तोंड मात्र थांबत नाही. वरण पातळ आहे, मुलगा भावसिंग उशिरा येतो, बकऱ्यांना पाणी कोण दाखवत असेल. मी खोकल्याचं विचारायच्या आधी तीच मला विचारते, छोरी, भाकर खाल्ली का? इथे मला हे विचारणारी ती एकटीच.

९ नोव्हेंबर
पाय सुजलेत. विमलताई बघून हसल्या. म्हणाल्या, काहून एवढी पळून राह्यली? दुपारचं नि संध्याकाळचं सकाळीच लिहून टाकत जाय. त्यांनी बेडच्या तक्त्यात लिहूनही दाखवलं. नाडी अठ्ठ्याहत्तर, श्वास अठरा, ताप अठ्ठ्याण्णव पॉइंट सहा, शेरा: तक्रार नाही. मी म्हटलं, संध्याकाळी काय असेल ते सकाळी कसं कळणार? तर म्हणाल्या, बरे व्हायलेच तर आले ना इथं.
मी मान्य केलं नाही. पण बारा वाजता चक्कर आली, आणि मग सहा जणांचं लिहिलं. बऱ्यापैकी असलेल्या सहा जणांचंच. लाज वाटते आहे.

१२ नोव्हेंबर
मनाला खात होतं म्हणून आज संध्याकाळी त्या सहा जणांची नाडी खरोखर मोजली. सहाही जणांची अठ्ठ्याहत्तर. घड्याळ लावून, पूर्ण मिनिट, दोनदा. नऊ नंबरच्या पुंडलिकरावांना सकाळी एकशेदोन ताप होता, मी सवयीने संध्याकाळचा अठ्ठ्याण्णव पॉइंट सहा लिहून बसले होते. ताप उतरलेला. त्यांच्या बायकोने, वच्छलाबाईंनी, माझ्या हातात भुईमुगाच्या शेंगांची पिशवी कोंबली.
भीती वाटली का? थोडी. खरं सांगायचं तर हायसं जास्त वाटलं. उद्यापासून अकरा जणांचं सकाळीच लिहीन. रामीबाईचं मात्र नाही. तिची नाडी अशी आहे की खोटं लिहिलं तर तिचा जीव जायचा.

१६ नोव्हेंबर
वॉर्ड फार शांत झालाय. कुणी पाणी मागत नाही. जेवणाची ताटं भरलेली परत जातात. वच्छलाबाईंनी मला दारातच अडवलं. म्हणाल्या, नाडी चांगली हाये म्हणता, बाई, पण माणूस कुठी गेला? तीन रोज झाले, माह्याकडे पाहून नाई राह्यले. पुंडलिकराव छताकडे बघत होते. कुठे दुखतं विचारलं, पापणीसुद्धा हलली नाही.
तक्त्यात बोलण्याचा रकाना नाही. भुकेचा नाही. बायकोला ओळखण्याचा नाही. मी जेवढं लिहिलं तेवढंच त्यांच्यात उरलंय.
आणि एक दिसलं, भर दुपारी, लख्ख उजेडात. अकरा छात्या एकदम वर, एकदम खाली. मिनिटाला अठरा. फक्त चार नंबरची वेगळी, खोकत, वरणाला शिव्या देत. मी तिथेच उभी राहून रडले.

१८ नोव्हेंबर
डॉक्टर रोज अकरा वाजता येतात, तक्ते बघतात. त्यांना सगळं सांगितलं. म्हणाले, वॉर्ड उत्तम ठेवलाय, थोडी विश्रांती घ्या.
विमलताईंना सांगायला गेले. बोलता बोलता त्यांचं मनगट धरलं आणि सवयीने मोजत गेले. अठ्ठ्याहत्तर. त्यांनी हात काढून घेतला नाही. एकोणीस वर्षांत एकही सुट्टी न घेतलेली, स्वतःची हजेरीही आगाऊच लिहून ठेवणारी बाई! मला त्याचं कौतुक वाटायचं.
पुढचं लिहिलेलं सगळं खोडलं. नियमाप्रमाणे, एका रेघेने, बाजूला सही. आता दर दोन तासांनी हात लावून मोजते. प्रत्येक वेळी अठ्ठ्याहत्तरच येते, आणि मला तेच लिहावं लागतं, कारण आता तेच खरं आहे.

२० नोव्हेंबर
झोप नाही. नोकरी सोडून जावं, पण मी गेले तर चार नंबरचं कोण मोजणार? विमलताई लिहून टाकतील, सकाळीच. रामीबाई आज ब्याण्णव. ठोका चुकत नाही. भावसिंग म्हणाला, सोमवारी नेतो मायले. तेवढे चार दिवस. तिला बोलत्या तोंडाने या दारातून बाहेर काढायचं, बाकी काही नको.

२१ नोव्हेंबर
रामीबाई अठ्ठ्याऐंशी. आज तिने मला ओरडून ओरडून अर्धी भाकर खायला लावली. या वहीत लिहायलाही जीव नाही. रोज तेच ते. उद्याचंही आत्ताच लिहून टाकते, म्हणजे उद्या आल्याबरोबर पडता येईल —

२२ नोव्हेंबर
सात ते सात ड्युटी. बाराही बेड ठीक. मीही ठीक. तक्रार नाही.

२२ नोव्हेंबर, दुपार
बारा. मी बारा लिहिलं.
धावले. अठ्ठ्याहत्तर. खोकला नाही. भावसिंग भाकर कुस्करून भरवत होता, घास तोंडात तसाच. याडी, याडी म्हणून हाका मारत होता आईला. ती छताकडे बघते. तो मला म्हणाला, सिस्टर, काल त बोलून राह्यली होती. मी काय सांगू त्याला? तुझ्या आईला मी मारलं म्हणून? ती तर जिवंत आहे. तक्ता उत्तम आहे.
वरचं खोडलं. एक रेघ, सही. परत जाऊन मोजली —
तेवढीच.

२३ नोव्हेंबर
सकाळपासून भूक नाही. कालपासूनच नाही. पायही दुखत नाहीत.
माझी मोजायची नाही. नाही मोजायची —
मोजली.

२३, संध्याकाळ
भावसिंग उद्या तिला न्यायला येईल. कुणाला नेईल?
एकच उरलंय. आधी लिहिलेलं खरं ठरतं ना, मग उद्याचं चांगलंच लिहीन. खोटं असलं तरी. हे एकदाच, शेवटचं, तिच्यासाठी. लवकर लिहायला हवं. रडू यायला हवं होतं, येत नाही —

२४ नोव्हेंबर, सकाळी आठ
रामीबाई खोकते. डोळे उघडते. भावसिंगला उशीर झाला म्हणून शिव्या देते. मग माझा हात धरते आणि म्हणते, छोरी, तक्रार ना