अण्णांच्या कुत्र्याचा पाय

९ सप्टेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

ठोंब्या लंगडतोय. अण्णा गेल्यावर तू त्याला न्यायला निघाली होतीस आणि मीच हट्टाने ठेवून घेतला, म्हणून आठवडाभर कळवायला धजलो नाही. आधी पुढचा उजवा पाय दुखला. तो बरा झाला तर मागचा डावा! मला वाटलं, सोंग करतोय. शाळा बुडवायची असली की माझं पोट असंच जागा बदलून दुखायचं ना? पण कालपासून त्याने ताटलीला तोंड लावलेलं नाही, अंगही तापलंय. मी घड्याळं दुरुस्त करत असतो तेव्हा तो माझ्या पायांवर पडून असतो. आज भिंतीकडे तोंड करून पडलाय. शेजारी म्हणतात, वय झालं, सोडवा त्याला. काय करू?

तुझा,
धाकटा

१३ सप्टेंबर

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

शेजाऱ्यांचं काही ऐकू नकोस. आधी डॉक्टरकडे ने. आणि त्यांना गोचिडींचं विचार. रानातून फिरून आलं की अण्णा पायरीवर बसून कुत्र्याचे कान उलटे करून बघायचे, बोटांच्या बेचक्या चाचपायचे. मी चिमटा धरायचे, तू किळस येते म्हणून पळायचास. आपल्या लहानपणीच्या कुत्रीपासून ठोंब्यापर्यंत त्यांचा हा नेम चुकला नाही. तू बघतोस ना रे?

काळजीत असलेली,
ताई

२० सप्टेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

नाही, बघत नव्हतो. एकदाही नाही.

रक्त तपासलं. लाइम रोग निघाला, गोचिडीमुळे होणारा. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गोचीड दिवसभराहून जास्त चिकटून राहिली की जंतू रक्तात उतरतात. रोज बघून काढली असती तर बहुधा टळलं असतं. त्या सहज बोलल्या, पण माझी मान वर होईना. मूत्रपिंडं शाबूत आहेत. गोळ्या महिनाभर द्यायच्यात. तिसऱ्या दिवशी तो उठून पाणी प्यायला आणि मी खुळ्यासारखा स्वयंपाकघरात रडलो. तुला हवा असेल तर बरा झाल्यावर घेऊन जा. मी अडवणार नाही.

अपराधी,
धाकटा

२५ सप्टेंबर

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

वेड्या, गोळ्या कोण भरवतंय त्याला? तुझ्याकडेच राहू दे. अण्णांच्या शेवटच्या वर्षात मी दोनदाच येऊन गेले. तुला कोणत्या तोंडाने बोलू?

तुझीच,
ताई

२२ ऑक्टोबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

गोळ्या संपल्या. ठोंब्या आता चारही पायांवर नीट चालतो. काल पहिल्यांदा त्याला मोकळा सोडला, तर माझा नेहमीचा रस्ता टाकून रानाच्या कडेने थेट रोपवाटिकेत शिरला. मी धापा टाकत मागे. तिथले म्हातारे माळीबुवा त्याला बघून उभेच राहिले. मला विचारलं, त्याचे मालक कुठे आहेत, इतके महिने का आले नाहीत? त्यांना कुणी कळवलंच नव्हतं. मी सांगितलं तेव्हा हातातली कुंडी त्यांनी फार सावकाश खाली ठेवली.

अण्णा रोज तासभर तिथे बसायचे म्हणे. आपल्या घरात मोजकं बोलणारा हा माणूस तिथे आपल्याविषयीच बोलत बसायचा! तू शाळेच्या नाटकात संवाद विसरलीस आणि स्वतःचेच जोडलेस, मी पहिलं घड्याळ खोलून दोन स्क्रू जास्तीचे उरवले, सगळं माळीबुवांना पाठ आहे. बरंच काही मी स्वतः विसरलो होतो.

आज परत गेलो. तुझ्याबद्दलच्या बाकीच्या गोष्टी मी ऐकून घेतलेल्या नाहीत. त्या तू येऊन ऐक.

तुझी वाट बघणारा,
धाकटा