आरामात राहण्याचा आकडा

७ मे, बुधवार

नव्या नोकरीच्या अर्जात एक रिकामी चौकट — ‘अपेक्षित पगार’. बाकीचा अर्ज दहा मिनिटांत भरला, तिथे तासभर अडून बसले. शेवटी कोरीच सोडली. पैशाचा आकडा आपण होऊन सांगायचा? आमच्या मध्य जावातल्या क्लातेनमध्ये असं कोणी वाढलेलंच नाही!

पण आकडा ठरवायला तर हवाच. माझी सेकार जुलैत पहिलीत जाणार — इथे जाकार्तात माझ्याजवळ, नाहीतर तिथेच आजीकडे. एकदा तिकडे शाळेत बसली की पुढची सहा वर्षं गेली. तीन वर्षं झालीच आहेत मला फोनवरची आई होऊन.

९ मे

ऑफिसात सगळ्यांना विचारून झालं, या शहरात आरामात राहायला महिना किती लागतात. एक म्हणाला सत्तर लाख रुपिया. दुसरी म्हणाली दीड कोटी, आणि तेही रडतखडत. (ती रोज बाहेरची कॉफी पिते.) शेजारच्या खोलीतली बू तिउर सुमात्रातल्या मेदानकडची, बाताक जमातीची बाई, त्या सगळ्यांसारखीच तोंडाने फटकळ. तिचा हिशेब सोपा — "महिन्याच्या वीस तारखेलाही ताटात कोंबडी असली, की आराम."

मी मांडून पाहिलं. या खोलीत मूल चालत नाही, म्हणजे शहराबाहेर देपोकला छोटं घर भाड्याने घ्यायचं. घरभाडं, रोजचं गाडीभाडं, भात आणि सोयाबीनचं तेंपे, शाळा. आईला पाठवायचे दहा लाख. मी कामावर असताना सेकारला सांभाळायला बाई — पंधरा लाख! एकूण ब्याण्णव. आत्ता मिळतात चौपन्न.

१४ मे, बुधवार

मुलाखत झाली. मी घाण केली.

साहेबांचं नाव पाक सहाला, तेही बाताकच. त्यांनी सरळ विचारलं, "किती हवेत?" मी म्हटलं, "आपल्याला योग्य वाटेल ते." आमच्याकडे याचा अर्थ — अजून विचारा! दुसऱ्यांदा विचारलं की नको नको करायचं, तिसऱ्यांदा हळूच सांगायचं. आमचा माणूस चहाच्या कपालासुद्धा तिसऱ्या आग्रहाशिवाय हात लावत नाही. यांनी एकदाच विचारलं. मान डोलावली, कागदावर काहीतरी लिहिलं. आणि मी आभार मानून उठून आले! स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

१६ मे

पत्र आलं. अठ्ठावन्न लाख. सोमवारपर्यंत सही.

१७ मे, शनिवार

बू तिउरला सांगितलं. वाटलं हसेल, पण ती भडकलीच. "तू म्हणालीस योग्य वाटेल ते, त्याला अठ्ठावन्न योग्य वाटले. त्याची काय चूक? परत जा आणि आकडा तोंडाने सांग." मग मला दारात उभं करून म्हणायला लावलं. ब्याण्णव लाख. ब्याण्णव लाख. चार वेळा तर आवाजच फुटला नाही.

आईला फोन केला. सेकारला इकडे आणायचं म्हणतेय, म्हटलं. "बरंच आहे की," म्हणाली, माझी काळजी करू नकोस म्हणाली, आणि भाताचं आधण ठेवलंय म्हणून फोन ठेवला. तिच्या हातातून पोर काढून घेतेय असं वाटत राहिलं. 

१९ मे, सोमवार

गेले. म्हटलं, "ब्याण्णव लाख."

त्यांनी वर पाहिलं. "हे बुधवारी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही एकदाच विचारलंत."

त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग म्हणाले, "माझी बायको तुमच्याकडचीच, सोलोची. पंधरा वर्षं झाली, अजून चुकतो मी." वाटलं, सुटले! पण लगेच पुन्हा साहेब झाले. पंच्याऐंशी म्हणाले. मी नाही म्हटलं — मी! अठ्ठ्याऐंशी म्हणाले. मी मुलीचं सांगितलं, घराचं, सांभाळायच्या बाईचं. शेवटी नव्वदवर सही झाली. दोन लाख कुठूनतरी वाचवू.

बाहेर पायरीवर बसून रडले. येणारेजाणारे बघत होते, बघू देत.

२० मे

कामावरून आल्या आल्या फोन केला. सेकारनेच उचलला, आजी अंगणात दोरीवरचे कपडे काढत होती. म्हटलं, जूनअखेर तुला न्यायला येते. तिने एकदम आवाज खाली केला.

"आई, आजीने तिची पण बॅग भरलीय. तुला सांगू नको म्हणाली. तू विचारलंस तरच येणार."

आईला पाठवायचे दहा लाख धरले होते, बाईचे पंधरा धरले होते. तू येशील का, हे आईला एकदाही विचारलं नव्हतं.