निळे डाग आणि माझी बोटं

७ मार्च १९६६, ॲबर्डीन

बोटं! खापर माझ्या बोटांवर! अकरा वर्षं या प्रयोगशाळेत डुकरांच्या धमन्या चिरतेय मी, आणि आज डॉ. लेडलॉ सगळ्यांदेखत म्हणतात — "मिस रेनी, हे निळे डाग म्हणजे तुमचा हलगर्जीपणा. आतलं अस्तर खरवडलंत तुम्ही."

८ मार्च

राग जात नाही. निळा रंग टोचतो तो जिवंत डुकराच्या रक्तात. तीन तास अंगभर फिरतो. मग डुक्कर मारायचं, धमनी धुवायची, त्यानंतर माझी कात्री. माझं बोट लागतं तेव्हा रक्तातला रंग केव्हाच धुऊन गेलेला असतो — मग डाग माझे कसे?

भिंतच झिरपते तिथे! धमनीला फाटे फुटतात त्या जागी, दर डुकरात. लेडलॉंच्या मते धमनी म्हणजे नुसता नळ, रक्तात चरबी वाढली की चिकटते. अहो, मग सगळीकडे का नाही चिकटत? रंग मुरतो तिथूनच चरबीही मुरणार.

डुकरं सांभाळणारे गेडीस म्हणाले, "पोरी, भिंत जिथे ओल धरते तिथेच पोपडे येतात. माझी बायकोसुद्धा सांगेल. पण साहेबाला सांगणार कोण!"

१० मार्च

डागांचा नकाशा काढून लेडलॉंना नेऊन दिला. त्यावर त्यांनी लोण्याने निथळणारा पाव ठेवला. पाव!

वर आणखी, तिसऱ्या मजल्यावरच्या काचपट्ट्या मीच आणायच्या. हल्ली साहेब जिना चढत नाहीत. पायांना मेंदी लागलीय!

१ एप्रिल

चिरफाडीवरून काढलं मला. बाटल्या धुवा म्हणे. नव्या डुकरांना आजपासून लोणी-अंडी, आणि ती साहेब स्वतः चिरणार. गेडीस हसले, "साहेबाचा नि डुकरांचा नाश्ता आता एकच!" मला हसू आलं नाही.

२ ऑगस्ट

बाटल्या.

९ ऑगस्ट

लेडलॉंनी बोलावलं. टेबलावर त्यांनी स्वतः चिरलेली धमनी, शेजारी माझा नकाशा, लोण्याने तेलकट झालेला. पिवळी चरबी बरोब्बर माझ्या निळ्या जागांवर! चार शब्द सुनावायचे ठरवून गेले होते. पण त्यांचा रोजचा लोणी-पाव न खाता तसाच पडलेला, आणि त्यांचा हात छातीवर.

"कधीपासून दुखतंय?"

"फेब्रुवारीपासून," ते म्हणाले. "डाग खरे असतील, तर माझ्याही धमन्या तिथेच झिरपत असणार. ते तुमच्या बोटांचेच निघावेत, असं फार वाटत होतं मला."