कारल्याचा रस आणि कॅशलेस

३ फेब्रुवारी, सकाळी ६.१०
कारल्याचा रस घेतला. आठ वर्षांत एकही खाडा नाही. बँकेत शिपायापासून मॅनेजरपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे: चंद्रकांतभाईंची शुगर आठ वर्षं ताब्यात, एक गोळी नाही. कधी तपासलेली नाही. ताब्यात आहे म्हटल्यावर तपासायची कशाला?

मेडिक्लेमचा पाचवा हप्ता भरला. लगेच मेसेज, ‘प्रिय चंद्रकांत’. घरातही मला कोणी असं म्हणत नाही. पॉलिसी माझ्या एकट्याच्या नावावर. बायकोला, वंदनाला, काय धाड भरलीय? गुडघे तेवढे दुखतात, जिना आडवी होऊन उतरते. ऑपरेशनसाठी सहा वर्षं शिकवणीचे पैसे साठवतेय, २१ एप्रिलची तारीखही घेतलीय. स्वावलंबी बाई.

१६ फेब्रुवारी, रविवार
सकाळी गाडीवरचा लोचो, वाफवलेलं डाळीचं पीठ, वर बटर. दुपारी पोटात कळ. गॅस असणार. संकल्प: उद्यापासून बाहेरचं बंद.

१७ फेब्रुवारी, हॉस्पिटल
गॅस नव्हता. पित्ताशयात खडे. उद्या ऑपरेशन. वंदनाचा चेहरा उतरला. तिला म्हटलं, पॉलिसी मग काय देव्हाऱ्यात ठेवायला घेतलीय? एजंट योगेंद्रला फोन केला. लिंबायतचा, आमच्या शिपायाचा मेहुणा. म्हणाला, दादा, काही काळजी करू नका, मी शे ना! गुणी मुलगा. चार वर्षांपूर्वी बँकेबाहेर स्कूटरच्या सीटवर फॉर्म ठेवून, मला एकही प्रश्न न विचारता त्याने सगळ्या रोगांपुढे ‘नाही’ लिहिलं होतं. माणसावर विश्वास असावा तो असा.

काउंटरवरची मुलगीही म्हणाली, काका, चिंता ना करो, कॅशलेस छे. मग स्वतंत्र खोली घेतली. एसी, सोफा, टीव्ही.

संध्याकाळी डॉ. तेजस्विनी म्हणून तरुण डॉक्टरीण आली. शुगर आहे का, विचारलं. म्हटलं, आठ वर्षं! गोळी एक नाही, फक्त कारलं. तिने मान खाली घालून सगळं लिहून घेतलं. मी रसाचं प्रमाणही सांगितलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कोणी माझी रीतसर दखल घेतली.

२० फेब्रुवारी, डिस्चार्ज
सकाळी अकराला कपडे घालून तयार. काउंटरवाली म्हणे, अप्रूव्हल आवे छे. दुपारी जेवण नाही, कारण आमचा डिस्चार्ज झालेला. खोलीचं भाडं मात्र चालू.

संध्याकाळी सहाला उत्तर. नामंजूर. आठ वर्षांचा मधुमेह फॉर्ममध्ये लपवला म्हणे. पित्ताशयाचा आणि साखरेचा संबंध काय? चार वर्षं हप्ते घेताना प्रिय, आणि आता मी लबाड! हा शुद्ध विश्वासघात आहे. मी सोडणार नाही.

बिल दोन लाख चौदा हजार. हातमोज्यांचे वेगळे. वंदना रिक्षाने घरी गेली, तिचं पासबुक घेऊन आली. आठवड्यात पैसे परत करीन, असं तिला सांगितलं.

२१ फेब्रुवारी
योगेंद्रने नवव्या प्रयत्नाला फोन उचलला. म्हणाला, दादा, तुम्ही कसाले सांगं? कशाला सांगितलं म्हणे, म्हणजे चूक माझी! त्याच्या लग्नात मी पाचशे एक आहेर केला होता.

२४ फेब्रुवारी
डॉ. तेजस्विनीला भेटलो. ती शुगरची ओळ खोडा म्हटलं. ती म्हणाली, काका, तुम्हीच सांगितलंत, खोडता येत नाही. म्हटलं, ते जरा बोलण्याच्या ओघात. तिने तेही लिहून घ्यायला पेन काढलं. निघून आलो.

२७ फेब्रुवारी
मास्टरस्ट्रोक. शुगरची तीन महिन्यांची सरासरी सांगणारी तपासणी करून घेतली. नॉर्मल! अगदी पुस्तकातल्यासारखी. लॅबवाला म्हणाला, तुम्हाला डायबिटीस नाहीच, आणि या वयात असा रिपोर्ट म्हणजे बहुधा कधी नव्हताच. आनंद व्हायला हवा होता. आठ वर्षं रोज सकाळी मी नेमकं काय प्यालो?

असो. रिपोर्ट कंपनीला पाठवला. आता पळता भुई थोडी होईल त्यांना. वंदनाला सांगितलं, २१ एप्रिल पक्की समज.

२९ मार्च
कंपनीचं उत्तर. ‘रुग्णाच्या स्वतःच्या निवेदनानुसार साखर कारल्याच्या रसाने नियंत्रणात आहे. सादर केलेला रिपोर्ट या निवेदनाशी सुसंगत आहे.’ क्लेम नामंजूर, पॉलिसीही रद्द.

तीनदा वाचलं. आठ वर्षांत माझ्या कारल्यावर पूर्ण विश्वास ठेवणारे हेच पहिले.

४ एप्रिल
वर तक्रार करणार. मसुदा तयार आहे. रविवारी फेअर करतो.

१३ एप्रिल, रविवार
पेनात शाई नव्हती.

२१ एप्रिल, सकाळी ९
वंदनाला हॉस्पिटलमधून फोन आला, अजून पोहोचला नाहीत म्हणून. ती म्हणाली, रद्द करा. पलीकडून कारण विचारलं असावं. ती म्हणाली, गुडघे आता बरे आहेत.

मी तिला सांगणार होतो, तिथे काही खोटं बोलू नकोस, सगळं लिहून घेतात. पण ती पिशवी घेऊन भाजीला निघालीसुद्धा. दारात उभा राहिलो. कठडा दोन्ही हातांनी धरून, आडवी, एकेक पायरी. तीन मजले. मध्ये दोनदा थांबली. वर पाहिलं नाही.

विश्वासघात हा शब्द या वहीत मी कंपनीसाठी लिहिलाय. वंदनाने तो कधीच, कोणासाठीच वापरलेला नाही. खालून तिने हाक मारून विचारलं, कारली आणायची का?

नको म्हणालो.