आईच्या बाजूचा दोष

४ जाने., रविवार
धोटेकाकांनी आज लग्नाला नाही म्हटलं. चहा दिला, चिवडा दिला, मग नाही म्हटलं. चिवडा आधी आला तेव्हाच समजायला पाहिजे होतं.

त्यांची स्नेहल आतल्या खोलीत. दाराच्या पडद्याखाली तिची पावलं दिसत होती, तेवढंच दर्शन. एकाच गल्लीत घरं, गच्च्या समोरासमोर, चार वर्षांचं आमचं. आणि मी पावलं पाहून परत आलो.

"बी.एस्सी. काहून सोडली?" काकांनी विचारलं. मी खरं सांगितलं. गाढव मी. म्हटलं, मला लाल-हिरवं नीट कळत नाही, प्रॅक्टिकलमध्ये अडलं.
काकांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "म्हणजे डोळ्यात दोष."
"रंगांधळेपणा म्हणतात काका. जन्मापासूनच असते."
"म्हणजे रक्तातच आहे."
आणि खूश. हेडक्लार्क माणूस, फाइल परत पाठवायला कारण सापडलं की चेहरा उजळतो. "आमच्या घराण्यात सात पिढ्यांत असं काही नाही."
सात पिढ्या! पणजोबाचं नाव तरी सांगून दाखवा म्हणावं.

मी समजावत बसलो, हेही माझंच चुकलं. म्हटलं, हा दोष एक्स गुणसूत्रावर असतो. बाप मुलाला वाय देतो, एक्स नाही. माझ्याकडून माझ्या मुलाला येऊच शकत नाही.
"एक्स-वाय तं तू कॉलेजातच सोडून आला न बाबू."
आतून कोणीतरी हसलं. तुषार असेल, तिचा भाऊ. काकू हसणार नाहीत. काकूंनी निघताना हातात लाडू ठेवला, नजर खाली.

६ जाने., मंगळवार
नोंद करून ठेवतो, नाहीतर पुढे मलाच वाटेल की कॉलेजने मला काढलं. मी सोडलं.

टायट्रेशन होतं. ब्युरेटमधून थेंब-थेंब सोडायचे, खालचा पिवळा रंग नारिंगी झाला की थांबायचं. मी सोडत राहिलो. शेजारचे सगळे थांबले, माझा पिवळाच. बाहेरून आलेले परीक्षक म्हणाले, "रीडिंग मनाने लिहिता का?" सगळ्यांसमोर. मी ब्युरेट सिंकमध्ये आडवी ठेवली, अॅप्रन तिच्यावर टाकला, निघालो. दुसरं वर्ष तिथे संपलं. नंतर डोळ्याच्या डॉक्टरकडे ठिपक्यांचं पुस्तक. लोकांना त्यात आकडे दिसतात. मला ठिपके.

आता पार्सलं पोचवतो. खोक्यांचा रंग कोणी विचारत नाही.

९ जाने., शुक्रवार
स्नेहलचा फोन.
"तुले खरं सांगाची काय गरज होती?"
"तू बाहेर येऊन काहून नाही बोलली?"
"पप्पासमोर?"
"मग पप्पासोबतच राहा."
मी कापला. मग दुपारभर पार्सलं चुकीच्या दारात देत फिरलो, पुन्हा वाजतो का बघत. नाही वाजला. बरंच झालं. नाही, बरं नाही झालं.

११ जाने., रविवार
खाप्याला जाऊन आलो, मामाच्या गावी. आईने तिळाचे लाडू दिले होते न्यायला. मामालाही हेच आहे, हे आज कळलं. बावीस वर्षांचा झालो, आज!

मी सहज म्हटलं की रंग कळत नाहीत म्हणून मला पोरगी नाकारली. मामा खो-खो हसला. "अबे, मले बी दिसत नाही लाल-हिरवं."
हा माणूस वीस वर्षं मागावर बसला. लुगड्यांचे काठ विणले.
"तुही आजी सुताच्या लडीले गाठ मारून ठेवे. लाल असंन तं एक, हिरवं असंन तं दोन. हातानं पाहाचं. एक काठ चुकला नाही."
"मग सांगितलं काहून नाही कोणाला?"
"कोणी इचारलंच नाही गा. तुह्या मायले मालूम होतं."

घरी येऊन आईला विचारलं. माहीत होतं. मी बालवाडीत गाय हिरवी रंगवली तेव्हापासून. "सांगितलं असतं तं तुह्या बाबांनी..." एवढं बोलून थांबली, कारण बाबा दारातच होते.
"माहेरची देणगी," बाबा म्हणाले. घरात नळ गळला तरी हेच म्हणतात. दमा माहेरचा, माझं डोकं माहेरचं, आता डोळेही. आणि चीड याची की या एका बाबतीत माणूस चुकून बरोबर आहे. आजीकडून आईला, आईकडून मला. आईला स्वतःला सगळे रंग दिसतात. तिने फक्त पुढे दिलं, न मागता, न कळता. बाबांना विचारलं, तुम्ही काय दिलं? तर भांडण.

१४ जाने., बुधवार. संक्रांत
सकाळपासून गच्चीवर. समोर त्यांच्या गच्चीवर तुषार पतंग उडवतो, स्नेहल मांज्याची चक्री धरून. माझ्याकडे बघत नाही, म्हणजे बघते आहे.

स्नेहल ओरडली, "तुषार, लालशी नको लावू, तो आपल्या बंटीचा आहे! हिरव्याशी लाव!"
तुषारने ढील दिली, खेचलं, ओ काट! सुंदर कापला. मीही इकडून ओरडलो, "एक नंबर बे! हिरवा गेला!"
पलीकडच्या गच्चीवर बंटी, त्यांचा मावसभाऊ, शिव्या घालायला लागला.
"आंधळा आहे का बे? लाल होता तो!"
तुषार म्हणे हिरवाच होता. मी म्हणे हिरवाच. दोन गच्च्या मिळून आम्ही दोघं, आणि आख्खी गल्ली आमच्यावर हसते आहे. आयुष्यात पहिल्यांदा कोणी माझ्या बाजूने बोललं.

स्नेहल हसत नव्हती. चक्री खाली ठेवून आधी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

१५ जाने., गुरुवार
तुषार. धोट्यांचा तुषार! सात पिढ्या!

काल झोपेपर्यंत हसलो, सकाळी उठून परत हसलो. काय बोलायचं तेही ठरवलं. जायचं, बूट न काढता उभं राहायचं, चिवडा नको म्हणायचं. काका, तुमच्या पोराला लाल-हिरवं विचारा. बस. चष्मा किती वेळा पुसता तेच बघायचं आहे.

तुषार रेल्वेची लेखी पास झाला आहे, इंजिनावर सहायक ड्रायव्हरची. काकांनी गल्लीत पेढे वाटले. मेडिकल बाकी. मेडिकलमध्ये काय असते ते मला ठाऊक आहे. ठिपक्यांचं पुस्तक. सिग्नल लाल की हिरवा हे न कळणाऱ्याला इंजिन कोण देईल?

१६ जाने., शुक्रवार
हसणं संपलं. तुषार कळमेश्वरला एमआयडीसीत दोन वर्षं फिटर आहे. कंपनी आता पक्कं करते आहे, २३ तारखेपर्यंत सही करायची, नाहीतर जागा दुसऱ्याला. आणि हा सही करत नाही. रेल्वे लागणार म्हणून. काकाच सांगत होते पानठेल्यावर, मला ऐकू जाईल असं: "खाजगीत कोण सडते?"
म्हणजे हेही जाणार आणि तेही. आणि ते फक्त मला माहीत आहे. आणि स्नेहलला, बहुतेक.

१७ जाने., शनिवार
काकांच्या तोंडावर मारायला निघालो होतो. कोपऱ्यापर्यंत गेलो. मग हिशेब लक्षात आला. शिकवलेलं नको तिथे आठवते.

तुषारला काकांनी काय दिलं? वाय. दोष ज्यावर बसतो तो एक्स काकूंचा. म्हणजे मी दारात उभा राहून बोललो की काका चष्मा पुसतील आणि काकूंकडे वळून म्हणतील, तुह्या माहेरचं. जन्मभर म्हणतील. आमच्या घरात ऐकतोच आहे.
त्या हेडक्लार्काला काहीच लागणार नाही. सात पिढ्या तशाच स्वच्छ. विज्ञानसुद्धा त्याच्याच बाजूने.
परत आलो. चप्पल भिरकावली, ती नेमकी बाबांच्या पेपरवर.

१८ जाने., रविवार
तुषारला गाठलं, चिटणीस पार्कजवळ. फक्त त्याला. मोबाइलवर ठिपक्यांची चित्रं काढून ठेवली होती.
"काय दिसते?"
"ठिपके."
"आकडा?"
"कोणता आकडा बे?"
शेजारी भेळ खाणारी एक छोटी पोरगी वाकून म्हणाली, "त्र्याहत्तर." पुढच्या चित्रावर, "सहा." तुषारचा चेहरा मी पाहिला. सिंकमध्ये ब्युरेट ठेवताना माझा असाच झाला असेल.
मी माझ्या मामाचंही सांगितलं, मग म्हटलं, सही करून टाक. रेल्वेत दुसऱ्या जागा असतात, त्या नंतर बघ.
त्याने माझी कॉलर धरली. "तुले नाही म्हटलं म्हणून हे करून राहिला न तू? पोरगी नाही तं पोरगं बिघडवाचं?"
मीही धरली. बटन तुटलं. भेळवाला मध्ये पडला.
बटन उचलून खिशात ठेवलं. त्याचं होतं, हे घरी आल्यावर कळलं.

२० जाने., मंगळवार
स्नेहलचा मेसेज. "तू त्याले काय सांगितलं? तीन दिवस झाले, जेवत नाही."
मी लिहिलं: तीन नाही, दोन.
खोडलं. लिहिलं: तुला गच्चीवर कळलं होतं न?
बराच वेळ निळ्या खुणा. (निळं मला दिसते.) मग: "हो."
"मग तू काहून नाही सांगितलं?"
"आईसाठी."
ही पोरगी माझ्यापेक्षा तीन दिवस पुढे होती. आणि एक्स-वाय न शिकता.

२२ जाने., गुरुवार
काकू आल्या. आमच्या घरी पहिल्यांदाच. आईच्या हातात वाणाची वाटी दिली, हळदीकुंकवाचं निमित्त. आईने कुंकू लावलं. मग दोघी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसल्या. मी बाहेरच्या खोलीत, पार्सलांची यादी बघतो असं दाखवत.
"तुमच्या भावाचंही असंच आहे म्हणते तुषार."
"हो वं बाई."
"माह्या बाबांचं होतं. मिरची लाल झाली का, बोटानं दाबून पाहत. आम्ही हसो."
कुकरच्या शिट्ट्या झाल्या, तरी कोणी उठलं नाही.

मग मला हाक मारली. "संकेत, हे कसं येते ते कागदावर काढून दे. ह्यायले तोंडानं सांगितलेलं समजत नाही, कागद लागते."
"काकू, ते तुम्हालाच बोलतील."
"बोलतीन. पंचवीस वर्सं बोलूनच राहिले. उद्या तेवीस तारीख आहे, पोराची सही व्हाले पाहिजे."

पार्सलाच्या खोक्याचा पुठ्ठा फाडला आणि मागच्या बाजूला काढलं. पुरुषाला चौकोन, बाईला गोल. त्यांचे बाबा, भरलेला चौकोन. काकू, अर्धा भरलेला गोल. त्यांनी त्यावर बोट ठेवलं. "ही मी?"
"हो."
"अर्धी?"
"म्हणजे तुम्हाला दिसते सगळं, पण दोष पुढे मुलांना जाऊ शकतो."
काका, कोरा चौकोन. काकू तो बघून हसल्या, आईही हसली. तुषार भरून काढला. मग शेजारी एक गोल काढला आणि पेन तिथेच थांबलं.
"ही स्नेहल न? हिच्यात काहून नाही भरलं?"
"माहीत नाही काकू. कोरा असेल किंवा अर्धा. दोन्ही सारखंच शक्य आहे."
"कधी कळते?"
"टेस्ट केली तर. नाहीतर तिला मुलगा झाला, आणि त्याला असलं, तर."
काकू माझ्याकडे बघत राहिल्या. मी पेनाचं टोपण लावत होतो, काढत होतो. आईने कुकर बंद केला.
पुठ्ठा मधून दुमडून त्यांनी पिशवीत टाकला. दारात चप्पल घालताना म्हणाल्या, "उद्या घरीच राहा बाबू. ह्यायले काही इचाराचं असलं तं."
पार्सलांच्या ठेकेदाराला फोन केला, उद्या येत नाही म्हणून. "काहून?" म्हणे. काय सांगू?